आठव्या मिनिटानंतर

इंटरनेटच्या लाइनी देणाऱ्या एका कंपनीत मी तक्रारी ऐकते. करमाड-शेंद्र्याकडचे कारखानदार फोनवर ओरडतात, "मॅडम, चाळीसची लाइन घेतली अन् फाइल पाचच्या वेगानं उतरते. लुटता का आम्हाला?" मग माझ्यातली मास्तरीण जागी होते. लाइनीचा वेग बिटांत सांगतात, डिस्कचा बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. चाळीसला आठानं भागा, पाचच येतात. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते, आणि यांना शाळेत गणित कुणी शिकवलं असंही मनात म्हणते.

शेजारच्या खालांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर बघायला बोलावलं, तेव्हाही हा तोरा सोबत होताच. पडेगावात आम्ही आलो तेव्हापासून खाला शेजारी, सख्ख्या मावशीसारख्या. त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली, त्याला पंधरा वर्षं झाली. कॉलेजात असताना तोंडी परीक्षेच्या सरावासाठी तिनं एकदा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग लावलं आणि बंद करायचंच विसरली. दुपारचे चार तास घरातला आवाज भरत राहिला. तिचा आवाज असलेली तेवढी एकच फाइल.

"फोटो लई हायेत बेटा," खाला म्हणाल्या, "पण आवाज इसरायला लागले मी."

डिस्क काढून मी एका जुन्या जोडणीनं माझ्या लॅपटॉपला लावली. टळटळीत दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडं या वेळेला बायका पोरांना चिंचेखाली जाऊ देत नाहीत. डिस्क फिरायला लागली आणि आतून टक, टक आवाज येऊ लागला, कुणी नखानं दार वाजवावं तसा. अशी डिस्क फार तग धरत नाही, हे मला ठाऊक होतं. लॅपटॉपवर वेगाचा आकडा दिसत होता, सेकंदाला एक मेगा. फाइल चोवीसशे मेगाबाइटची. रोजच्या सवयीनं मी तो एक बिटांतला धरला आणि गणित मांडलं. सव्वापाच तासांच्या वर! तोवर ही तापून मरणार. दहा मिनिटांनी मी कॉपी थांबवली आणि उद्या दुरुस्तीवाल्याकडं नेते म्हटलं. खालांनी डिस्क मुलीच्या ओढणीत गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात डिस्क एकदा खरखरली आणि कायमची थांबली. दुरुस्तीवाल्यानं उघडून आतल्या चकतीवरचे ओरखडे दाखवले. वाईट वाटलं, पण आपलं काही चुकलं असं मुळीच वाटलं नाही.

दुपारी खालांकडं बसून हाती आलेला तुकडा लावला. फाइल अर्धवट असल्यानं ती किती वेळ चालेल ते दिसत नव्हतं, पण माझ्या गणितानं त्यात साडेसात मिनिटांचा आवाज असणार होता. खालांना तसं आधीच सांगून ठेवलं. मुलगी इंग्रजीतली उत्तरं घोकत होती, अडखळत होती, स्वतःवरच चिडत होती. मागं तव्यावर उलथनं वाजत होतं. सातवं मिनिट आलं तसा मी खालांचा हात धरला.

आठवं गेलं. ती बोलतच होती. नववं गेलं. माझ्या अंगावर काटा आला. यापुढचं काही माझ्याकडं उतरलेलंच नव्हतं. मग हे कुठून येत होतं? क्षणभर मला खरंच वाटलं, की ही आता फाइलमधून बोलत नाही. मी वळून स्वयंपाकघराकडं पाहिलं. खाला मात्र हसत ऐकत होत्या.

पंधराव्या मिनिटाला डोक्यात उजेड पडला. तो एक बिटांतला नव्हता, बाइटांतला होता. सबंध फाइल चाळीस मिनिटांत उतरली असती. आणखी अर्धा तास धीर धरला असता तर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तासाभरानं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं दूर गेली आणि तिथून तिनं हाक मारली, "अम्मी? किधर है तुम?"

तिथंच तुकडा संपला.

"इधरीच हूँ, बेटा," माझ्या शेजारून खाला मोठ्यानं म्हणाल्या.

माझ्यानं राहवलं नाही. काय चुकलं ते मी सगळं सांगून टाकलं, चाळीस मिनिटांसकट.

"म्हंजे तिला आणखी तीन तास बोलायचं व्हतं," खाला म्हणाल्या, "अन् तू मधीच बंद केलं."

"हो, खाला."

त्या रागावल्या नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो तुकडा मी त्यांच्या फोनात घालून दिला, आता रोज दुपारी त्या तो लावतात. रविवारी मी घरी असते तेव्हा मलाही ऐकू येतो. शेवटी मुलीची हाक, मग खालांचं उत्तर, मग शांतता.

गेल्या रविवारी ती शांतता झालीच नाही. उत्तर देऊन खाला बोलतच राहिल्या. मध्येच थांबत होत्या, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशा, मग हसून पुन्हा बोलत होत्या. मी हातातलं काम टाकून घड्याळाकडं बघत बसले. आवाज थांबला तेव्हा बरोबर तीन तास झाले होते.