पदर तोंडाशी धरलेली बाई

सांगलीच्या एका निरीक्षणगृहात गुणमाला मुलांच्या मानसिक चाचण्या घेते. फोटो दाखवायचा, त्यातल्या माणसाला काय वाटत असेल ते मुलानं सांगायचं. मूळ चाचणीतल्या परदेशी चेहऱ्यांपुढं मुलं गोंधळतात, म्हणून तिनं स्वतःच्या नातेवाइकांचे फोटो काढून घेतले होते. त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

माण तालुक्यातल्या सतरा वर्षांच्या कुणालनं भांडणात शेजारच्या पोराच्या डोक्यात दगड घातला होता. पोरगा दगावला. खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा की बाल न्याय मंडळापुढंच, हे ठरायचं होतं. मंडळानं गुणमालाचं मत मागवलं होतं.

एका फोटोत तिची मावशी डोळे मिटून, पदर तोंडाशी धरून रडण्याचा आव आणत होती.

"हसतीया," कुणाल म्हणाला.

"नीट बघ."

"बगितलं की. हसतीयाच." आणि तोही हसला.

दुसऱ्याचं दुःख याला कळत नाही, असं गुणमालाचं मत बनत चाललं.

मग रीतीप्रमाणं तिनं त्याच्या आईला, भामाबाईंना, बोलावून घेतलं. लहानपणी कसा होता?

"आवं, लय खोडकर! एकदा शेळीला माजं लुगडं गुंडाळलं अन् सासऱ्यांम्होरं आणून हुबी केली—"

बाईंनी पदर तोंडाशी नेला. डोळे मिटले, खांदे हलू लागले. गुणमालानं पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"न्हाई वो बाई, हसाय आलं. थोरल्यांम्होरं दात कसं दाखवायचं? पदर घ्यायची सवंच लागलीया."

"आणि रडताना?"

"रडताना कशाला? रडणं कुणापास्नं लपवायचंय?"

तो फोटो बाजूला ठेवून गुणमालानं चाचणी पुन्हा घेतली. राग, भीती, दुःख कुणालनं नीट ओळखलं. मेलेल्या पोराविषयी विचारलं, तेव्हा मात्र तो खिडकीकडं बघत बसला.

"म्हणजे पोरगं चांगलं आहे म्हणायचं?" निरीक्षणगृहाचे अधीक्षक जयराज यांनी विचारलं.

"तसं मी म्हणत नाही. दुसऱ्याचं दुःख त्याला कळतं. पस्तावा आहे की नाही, ते ही चाचणी सांगू शकत नाही."

तिनं तेवढंच लिहून दिलं. बाकीचे अहवालही पाहून मंडळानं खटला आपल्याकडंच ठेवला.

गुणमाला आता दर आठवड्याला कुणालला बोलावते. मेलेल्या पोराचं नाव त्यानं अजून एकदाही घेतलेलं नाही. ती विचारते, तो खिडकीकडं बघतो. मग दोघं तसेच बसून राहतात.