काकूनं घेतलेलं नाव

फोन काकूचा होता आणि ती बोलत नव्हती. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाची गर्दी, काउंटरवर पालकांचा कालवा, आणि मी एका कानात बोट घालून "हॅलो, काकू, हॅलो" करत बसलेलो. पलीकडून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मग ती एवढंच म्हणाली, "बंडू, तुजं काका उठंनात बघ..." मी हेडक्लार्क माणूस, वाईट बातमीसुद्धा मी आधी सविस्तर मागतो. "उठत नाहीत म्हणजे? हाक मारलीस का?" असं मी विचारलं. पलीकडे फोन बंद झाला.

सिद्रामकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांची सगळी नोकरी झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या प्रवासाचे डबे दुरुस्त केले, आणि तिथल्या घणांच्या आवाजात निम्मे कान गमावून ते सोलापुरात राहायला आले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मुलाच्या वाट्याचं रागावणं ऐकून घ्यायला मी होतो. काकू अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत शिरणारी. तिनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तिच्या वयाच्या बायका घेत नाहीतच म्हणा, पण काकूची पंचाईत मोठी होती, कारण नवऱ्याचं नाव आमच्या गावच्या देवावरूनच ठेवलेलं. म्हणून सोलापुरात राहून ती देवाचंही नाव घेत नसे. "तळ्यातल्या देवळात जाऊन येते," म्हणायची. मुंबईच्या रात्रीच्या गाडीलाही त्याच देवाचं नाव, तर रिक्षावाल्याला सांगायची, "रातच्या गाडीला सोड बाबा." आम्ही पोरं मुद्दाम छळायचो, "काकू, जत्रा कुणाची गं?" ती म्हणायची, "तुज्या आज्याची!" आम्हाला वाटायचं, लाजते. ते लाजणं नव्हतं. नाव तोंडातून गेलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असा तिच्या माहेरचा पक्का समज. तिच्या थोरल्या बहिणीनं लग्नात सगळ्यांच्या आग्रहाखातर उखाणा घेतला आणि वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. तेव्हापासून काकूच्या तोंडाला कुलूप. स्वतःच्या लग्नातसुद्धा तिनं उखाणा घेतला नाही. सासूनं घास अडवून ठेवला, तर ही उपाशी झोपली.

तीन वर्षांपूर्वी काकांनी युरोपची बस-सहल काढली. "बंडू, डबं लई दुरुस्त केलं. आता एकदा खिडकीपाशी बसून जायाचं. रेल्वे नसंना, बस तर बस." मला सोबत घेतलं, कारण मला इंग्रजी येतं असं घरात मानतात. माझं इंग्रजी 'उपरोक्त विषयास अनुसरून'च्या पलीकडे कधी गेलेलं नाही, हे पहिल्या विमानतळावरच उघड झालं. पण तोवर परत फिरायची सोय राहिली नव्हती. सहलीचा म्होरक्या समीर नावाचा पुण्याचा मुलगा होता, अत्यंत गोड आणि अत्यंत घड्याळवाला. रोज जागा बदलायच्या, बसमध्ये खायचं नाही, दिलेल्या वेळेला हजर व्हायचं. काकांना ही शिस्त वर्कशॉपसारखी वाटली आणि मनापासून आवडली. खाण्याची अट तेवढी आम्ही मोडत होतो. शेंगाचटणीचा वास मात्र लपत नाही. आमच्या अडदांड ड्रायव्हरनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच हात पुढं करू लागला.

काकांची स्वतःची एक शिस्त होती. पासपोर्ट, तिकिटं, काकूचा मोबाइल, हॉटेलचं कार्ड, सगळं त्यांच्या शर्टाखालच्या कमरपट्ट्यात. "एका जागी आसलं की हरवत न्हाय," असं ते म्हणत. हत्यारांच्या बाबतीत ते खरं असेल.

इटलीतून डोंगरांकडे जाताना दुपारी बस एका मोठ्या थांब्यावर थांबली. हमरस्त्याच्या वर आडवं बांधलेलं, पुलासारखं उपाहारगृह. खालून गाड्या सुसाट. काकू स्वच्छतागृहाकडे गेली. काका दाराबाहेर, हातात तिची शाल. मी कॉफीच्या रांगेत, कारण कॉफी मागणं एवढं इंग्रजी मला जमत होतं. दिलेली वेळ संपली. सगळे बसमध्ये चढले. काकू आली नाही. आमच्या सहलीतल्या एक बाई आत बघून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आत तर कुणीच नाही."

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओरडले नाहीत, धावले नाहीत. फक्त शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी म्हटलं, "चला, शोधू." ते म्हणाले, "मी हितनं हालत न्हाय. ती हितनं गेली, हितंच येनार. तू बघ." मी बघितलं म्हणजे काय केलं, तर ट्रकांच्या रांगांतून "काकू! काकू!" करत पळालो. एका ट्रकवाल्यानं मला पाण्याची बाटली दिली. मी भिकारी दिसलो का वेडा, कोण जाणे. परत आलो तर समीर पांढरा पडलेला. ड्रायव्हरला कायद्यानं ठरलेल्या तासांपलीकडे गाडी चालवता येत नाही, त्याच्या यंत्रात सगळी नोंद होते. आता निघालो नाही तर हॉटेल गाठता येणार नाही, आणि बसमध्ये दोन आजारी माणसं. "सर, बस पुढं न्यावी लागेल. मी इथे तुमच्याजवळ थांबतो, पोलिसांना कळवतो..." काकांना त्यातलं निम्मं ऐकू आलं. ते म्हणाले, "पोलिसाला काय सांगनार? तिच्याजवळ तिचं काय बी न्हाय. समदं माज्याजवळ हाय." आणि शर्टावरून कमरेवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

झालं होतं असं. स्वच्छतागृहाला दोन दारं होती. काकू दुसऱ्या दारानं बाहेर पडली, लोकांच्या लोंढ्याबरोबर पूल ओलांडून पलीकडच्या बाजूला उतरली. तिकडेही तसंच दुकान, तसंच आवार, तशीच पांढरी बस. फक्त ती उलट दिशेला जाणारी. त्या बसजवळ ती आमची वाट बघत उभी राहिली. शेवटी बडोद्याच्या सहलीतल्या एका बाईंनी तिला गल्ल्यापाशी नेलं. आधी माझं नाव पुकारलं गेलं म्हणे. मी तेव्हा ट्रकांत होतो, आणि त्या परक्या बोलण्याच्या धबधब्यातून काकांच्या कानांना काही निवडता येणं शक्यच नव्हतं. मग बडोद्याच्या बाई म्हणाल्या, "आप खुद बोलो, अंकल आपकी आवाज पहचानेंगे." काकूच्या पुढ्यात माइक आला. तिनं हाक मारली, "अहो... ऐकलं का... अहो..."

ही हाक मी ऐकली. सगळ्या पुलानं ऐकली. शोधायला बसमधून उतरून आलेले आमचे तीन-चार नवरे सवयीनं वळले. काका मात्र स्वच्छतागृहाच्या दाराकडे बघत उभेच. घरी काकूला "अहो" तीनदा म्हणून वर पातेलं आपटावं लागायचं. हे तिला माहीत होतं. माइक गप्प झाला. मग एक आवाज आला... काकूचा होता, पण मी तो ओळखला नाही, इतका तो पोटातून आलेला.

"सिद्राम! ओ सिद्रामा!"

काकांनी मान वर केली. छताकडे पाहिलं. मला नंतर म्हणाले, "बाईच्या आवाजात ते नाव आईनंतर ऐकलं न्हवतं रं. वाटलं, मी मेलो आन आई हाक मारतीया."

दोघं पुलाच्या मध्यावर भेटली. खाली गाड्या धावत होत्या, काच थरथरत होती. काकांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "येवढा आवाज हाय व्हय तुला?" मी हसलो. काकू हसली नाही. तिनं त्यांचा शर्ट मुठीत धरला. "मी नाव घेतलं... यप्पा, मी नाव घेतलं. आता तुमचं कसं हुईल?"

बस अजून थांबलेली होती, ती आम्हाला घेऊनच निघाली; पण पुढच्या सगळ्या प्रवासात काकूनं एकही डोंगर पाहिला नाही. सगळी बस काचेला नाक लावून "अय्या, बर्फ!" करत असताना ती शेजारच्या सीटवर बसून काकांच्या छातीकडे बघायची, वरखाली होते का ते. काकांना डुलकी लागली की कोपर मारायची. बर्फाच्या शिखरावर विरळ हवेनं त्यांना धाप लागली, तर ही तिथल्या तिथं खाली बसली आणि कानडीत देवाशी भांडू लागली. काका धापा टाकत म्हणाले, "अगं, समद्यांस्नीच लागलीया धाप. त्या समीरला बी लागलीया. त्याचं नाव कुणी घेतलं?"

सोलापूरला आल्यावर काकांनी नवा नियम काढला. सकाळचा चहा झाला की काकूनं नावानं हाक मारायची. त्याशिवाय ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठणार नाहीत, चहाला हात लावणार नाहीत. पहिल्या दिवशी चहा चार वेळा गरम झाला. शेवटी स्वयंपाकघरातून रडक्या आवाजात "सिद्राम" असं आलं. काका उठले, चहा प्याले, आणि दिवेलागणीला तिच्यापुढं छाती काढून उभे राहिले. "बग. गेला की दिस. हाय की मी." दुसऱ्या दिवशी परत तेच. हळूहळू रडणं गेलं, पुटपुटणं आलं, मग खणखणीत हाक. मी कधी सकाळी गेलो तर काकू डोळे मिचकावून म्हणायची, "थांब, तुज्या काकाला मारून येते," आणि दारातून हाक द्यायची. तिची ही थट्टा ऐकायला मी वाट वाकडी करून जायचो. पण संध्याकाळी "हाय की मी" ऐकेपर्यंत तिचा जीव भांड्यात पडत नसे, हेही मी पाहिलं होतं.

म्हणून काका गेल्यावर काकू बोलेनाशी झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ लावला. दिवस झाले, पाहुणे पांगले, तरी ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. दोन घास खायची, तेही ओरडल्यावर. माझी बायको म्हणाली, "तिला वाटतंय, नाव घेतलं म्हणूनच गेले. तुम्ही बोला काहीतरी." मी तयारी केली. डॉक्टरांनी हृदयाचं काय सांगितलं होतं, काकांचं वय, नावाचा आणि मरणाचा संबंध कसा नाही, असं सगळं मुद्देसूद. गेलो, तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि सुरू केलं, "काकू, नाव घेतल्यानं कुणी..."

तिनं मान वळवली. "त्या दिवशी मी घेतलंच न्हवतं, बंडू."



आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. काकांना पुन्हा सहलीला जायचं होतं, काकूला नको होतं. सकाळी तिचा राग गेला नव्हता. तिनं चहा नेला, स्टुलावर ठेवला आणि हाक न मारताच आत वळली. "म्हटलं, बसू दे. आज मी हाक मारनारच न्हाय. बघू किती येळ बसत्यात... धुनं घेतलं, भांडी घेतली. भाईर आले तर तसंच बसल्यालं. चहावर साय धरल्याली. हात बी लावला न्हवता रं." ती माझ्याकडे बघत राहिली. "वाट बघत बसलं आसतील का? का आधीच..."

मी तिचा हात धरून बसलो. मग तिनं तो सोडवून घेतला, उठली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गॅस पेटवला.

परवा सकाळी ऑफिसला जाताना तिच्याकडे डोकावलो. चहा गाळून झाला होता. काकू पदर सावरून गॅलरीच्या दारात गेली. खुर्ची रिकामी. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंचे हात थबकले. काकूनं मोठ्यांदा हाक मारली, "सिद्राम! चहा झाला!" मग आत येऊन माझ्यापुढं कप ठेवला. मी कसंबसं विचारलं, "काकू, आता भीती नाही वाटत नावाची?"

"कशाची?" ती म्हणाली. "आता काय हुनार हाय त्यास्नी? आता पोटभर घेती."

आणि स्वतःची बशी ओठांना लावायच्या आधी, बोलता बोलताच, गॅलरीकडे तोंड करून तिनं आणखी एकदा हाक दिली.