श्रीराम भोयरचं काँक्रीट आणि माझे अप्पा

आमच्या मराठी मंडळाच्या या वर्षीच्या दिवाळी अंकात श्रीराम भोयरवर मी लिहावं असं ठरलं, कारण मी त्याचा शेजारी. आमच्या रस्त्यावर चार घरं सोडून राहतो तो. संपादकांना हे ठाऊक नव्हतं की मधली दोन-तीन वर्षं या माणसाचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखायचं. अजूनही थोडं दुखतं. वाचणाऱ्यांनी तेवढं धरून चालावं.

श्रीराम मूळचा वर्ध्याचा. नागपुरात सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं एका कालव्याच्या कामावर काढली आणि मग सगळेच करत होते म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स करून १९९८ मध्ये शिकागोला आला. २००१ मध्ये त्याची नोकरी गेली. बायको, रेणू, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिच्या नोकरीवर दोघांचं ग्रीनकार्ड आलं, म्हणून गाशा गुंडाळावा लागला नाही. त्या काळात नोकरी गेलेले आमच्यातले बाकीचे सगळे रात्रंदिवस रेझ्युमे पाठवत होते. हा मात्र एका पोलिश काँक्रीटवाल्याकडे फावडं घेऊन उभा राहिला. गॅरेजपुढचे ड्राइव्हवे, मागच्या अंगणातले पॅटिओ, घरापुढच्या पायऱ्या, पडेल ते काम. २००४ मध्ये त्यानं स्वतःचा ट्रक घेतला.

मी तेव्हा हसलो होतो. गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहून मीच म्हटलं होतं, "अमेरिकेत येऊन गवंडी झाला!" लोकही हसले. पुढच्या गणपतीत तेच लोक आपापल्या फुटक्या ड्राइव्हवेचे फोटो घेऊन त्याच्याभोवती जमले होते. मी एका कोपऱ्यात मसालेभात खात बसलो.

फोटो घेऊन यायला कारणही तसंच होतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घरांखाली चिकणमाती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, आणि हिवाळ्यात तिच्यातलं पाणी गोठलं की वरचं काँक्रीट चक्क उचलते. दहा वर्षांत ड्राइव्हवेचा एक तुकडा वर, एक खाली. श्रीराम म्हणायचा, "ही आपली काळी मातीच आहे यार. आमच्याकडे घरं अशीच तडकतात." म्हणून तो आधी ती माती उपसून काढायचा, खाली आठ इंच खडी भरायचा, ती थराथरानं दाबायचा आणि मगच काँक्रीटची गाडी बोलवायचा. त्यानं केलेला एकही ड्राइव्हवे हललेला मी पाहिला नाही. पाहायला मात्र जायचो, मुद्दाम गाडी वळवून.

हेही मी सहन केलं असतं. पण २००५ च्या ऑगस्टमध्ये अप्पा आले.

अप्पा म्हणजे माझे वडील. यवतमाळला पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, सारी नोकरी काळ्या मातीवर पूल आणि शाळा बांधण्यात गेली. मी सिव्हिल घ्यावं अशी त्यांची इच्छा होती, मी कॉम्प्युटर घेतलं. त्यावरून भांडण झालं नाही. अप्पा भांडत नाहीत, बोलणं कमी करतात. मी ऑफिसात नेमकं काय करतो हे त्यांनी मला आजतागायत विचारलेलं नाही.

आल्यावर आठवड्याभरात श्रीराम त्यांना भेटायला आला. अप्पांनी त्याला पहिलाच प्रश्न केला, "खाली मुरूम भरतोस का रे?"

"इथे मुरूम मिळत नाही काका. क्रश्ड स्टोन भरतो, आठ इंच."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. "एकदम?"

"नाही, नाही. चार-चारचे दोन थर. प्रत्येक थर कॉम्पॅक्ट करतो."

मी चहा आणून ठेवला, तो गार होईपर्यंत दोघांपैकी कोणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला श्रीरामचा ट्रक आमच्या दारात उभा. अप्पा टोपी घालून तयार. माझी बायको रुचा दोन डबे भरायची, एक अप्पांचा आणि एक श्रीरामचा. मला ऑफिसच्या कॅन्टीनमधलं सँडविच. संध्याकाळी जेवताना अप्पा बोलत राहायचे. इतकं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. आज श्रीरामनं सांधे कसे कापले, श्रीरामनं उतार कसा काढला, श्रीरामचा हात कसा फिरतो. छत्तीस वर्षांचा मी, दोन मुलांचा बाप, आणि वडील दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला सरळसरळ हेवा वाटत होता. घरात ते फक्त रुचाला कळलं होतं, आणि ती हसायची.

आमचा ड्राइव्हवे गॅरेजपाशी दोन इंच उचलला गेला होता. अप्पांनी ऑक्टोबरात फर्मान काढलं, "आता थंडी आली. मे महिन्यात श्रीराम करेल, तो म्हणेल तसं करून घे."

तो म्हणेल तसं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिवाळी झाल्यावर अप्पा दोन आठवड्यांसाठी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला माझ्या बहिणीकडे, मृणालिनीकडे गेले, आणि ते विमानात बसले त्याच दिवशी मी दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. परत येतील तेव्हा नवा कोरा ड्राइव्हवे दिसला पाहिजे, आणि तो श्रीरामचा नसला पाहिजे.

त्या माणसानं नोव्हेंबरच्या मध्यावर काम उरकलं. थंडी लागू नये म्हणून वरून जाड गोधड्यांसारखी ब्लँकेट्स अंथरली आणि बजावलं, आठ दिवस ही काढायची नाहीत, बाकी काहीही करायचं नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, काहीही करायचं नाही म्हणजे काय? पाणी कोण मारणार?

कारण काँक्रीटमधलं मला एवढं एकच येत होतं. आमचं यवतमाळचं घर बांधलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. स्लॅबवर वाफे करून त्यात सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं काम अप्पांनी मला दिलं होतं. एकवीस दिवस कामावरून आल्या आल्या ते चपला काढायच्या आधी मला विचारायचे, "पाणी मारलंस?" मी म्हणायचो, "मारलं." मग ते वर जाऊन बघायचे आणि खाली येताना माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. तसा हात त्यांनी पुन्हा ठेवल्याचं मला आठवत नाही.

तर मी ब्लँकेट्स गुंडाळून ठेवली. थंडीमुळे बाहेरचा नळ बंद केलेला होता, म्हणून घरातून बादल्या नेल्या. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, चार दिवस. रुचा दार किलकिलं करून ओरडली, "अरे, बाहेर काय गारठा आहे! कोण करतं असं इथे?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळत नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेवर बर्फाचा पातळ पापुद्रा दिसला. त्याच्यावरच मी आणखी दोन बादल्या ओतल्या.

अप्पा आले. टॅक्सीतून उतरून ते ड्राइव्हवेवर वाकले, तळहात फिरवला आणि म्हणाले, "छान झालाय रे." पुढचे आठ दिवस मी जमिनीवर नव्हतो. जानेवारीत ते यवतमाळला परत गेले.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि ड्राइव्हवेची साल निघू लागली. खपल्याच्या खपल्या सुटल्या, आतली खडी उघडी पडली. फोनवर मी अप्पांना सांगितलं, कॉन्ट्रॅक्टरनं फसवलं. अप्पा खवळले. "सोडू नकोस त्याला. मी मसुदा सांगतो, लिहून घे." आणि मग दर रविवारी ते मलाच फोन करू लागले. इतके दिवस ते श्रीरामला करायचे. तक्रारीच्या पत्राचा एकेक परिच्छेद त्यांनी मला सांगितला, माल कोणता, प्रमाण काय, दोष कुठला. खोटं कशाला सांगू, ते रविवार मला फार आवडले.

त्यांनीच श्रीरामला बघून यायला सांगितलं. तो आला, उकिडवा बसला, अंगठ्यानं एक खपली काढली. कडेची माती उकरून खाली पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी मारलं होतंस?"

मी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं.

"नोव्हेंबरात? ब्लँकेट काढून?"

त्यानं काढलेली खपली मी बुटानं गवतात ढकलली.

"लेटर पाठवू नको यार. त्या माणसानं काम बरोबर केलं आहे. खाली खडी पण नीट आहे. फुकट बदनाम होईल बिचारा." हात झटकत तो उठला. "काकांना मी काही बोलणार नाही. तुझं तू सांग."

त्यानं अप्पांना सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला त्याच्यावर चिडता आलं असतं. आता त्याच्या चांगुलपणाचाही हेवा करण्याची पाळी आली. पत्र लिहून तयार होतं. अप्पा दर रविवारी विचारायचे, गेलं का? मी म्हणायचो, बघतोय. सांगितलं तर रविवार संपले, आणि अप्पांच्या लेखी उरलासुरला मीही संपलो, असं मला वाटत होतं.

मे महिन्यात श्रीरामनं जुना ड्राइव्हवे फोडून नवा केला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो फळ्या काढायला आला आणि पाण्याचा पाइप माझ्या हातात देऊन म्हणाला, "घे, आता मार. आता मारायचंच असतं." मी पाणी मारत होतो, तेवढ्यात रुचा घरातून फोन घेऊन आली. अप्पा.

"पत्र गेलं का रे?"

पाणी वाहत होतं. श्रीराम ट्रकपाशी पाठ करून फळ्या रचत होता.

"अप्पा, त्याची चूक नव्हती. पाणी मी मारलं होतं. थंडीत. ते गोठलं आणि वरची साल गेली."

आता कमी बोलणारे अप्पा परत येणार, असं मला वाटलं.

"किती दिवस मारलंस?" त्यांनी विचारलं.

"चार."

"एकदाच?"

"नाही. सकाळ-संध्याकाळ."

आवाज जरा निराळाच येत होता. "म्हणजे स्लॅबचं तुझ्या लक्षात होतं तर."

पाइपचं पाणी माझ्या बुटांवर पडत होतं.

"बरं," अप्पा म्हणाले, "श्रीराम आहे का तिथे? दे त्याला."

"आहे," मी म्हटलं. "पण तो थांबेल, अप्पा. आधी माझ्याशी बोला."