डाव्या बाजूचं ‘येतो’

गेल्या वर्षापासून मी एक फॉन्ट काढते आहे. ठळक, तिरपा, मथळ्यांसाठीचा. अंगानं भरलेली, उजवीकडे झुकलेली, लांबूनच हाक मारणारी अक्षरं. पुण्याची एक कंपनी तो करून घेतेय आणि मी जाफराबादेत, घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून काम करते. वडिलांना हे काम वाटतच नव्हतं. “अक्षरं तर पहिल्यापासून हायेतच की. तू नवीन काय करून राह्यली?” असं ते जेवताना विचारायचे, आणि मी भाकरीकडे बघत बसायचे. माझा राग नाकावर असतो, उत्तर दिलं की भांडणच.

खिडकीतून रस्ता दिसतो, पलीकडे कपाशी. दुपारी ऊन पांढरं पडलं की डोळे जड होतात, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं हळूच रानात उतरतात. कितीदा मी ‘क’ला कपाशीच्या ओळींतून चालत जाताना पाहिलंय. तिरप्या अक्षराची एक गंमत आहे. सगळं अक्षर उजवीकडे झुकलं तरी डोक्यावरची मात्रा डावीकडेच बघते. जबरदस्तीनं ओढली तर मोडल्यासारखी दिसते. त्या मात्रेपायी माझे आठवडे गेले आणि ते फार सुखाचे गेले.

वडील काळी-पिवळी जीप चालवतात, जाफराबादहून पिंपळगाव रेणुकाईकडे. यंदा पोळ्यानंतर ती एका वळणावर उलटली. माणसं वाचली, वडिलांचा हात मोडला. त्या सकाळी ते घाईत निघाले होते आणि ‘येतो’ म्हणायचं राहून गेलं होतं. आईनं तेच मनाला लावून घेतलं. हात बरा झाला, जीप दुरुस्त होऊन आली, तशी तिची भूक उडाली. ते पुन्हा गाडीवर जाऊ लागले तर दिवसभर आपल्याला घास जाणार नाही, असं ती उघड म्हणाली. मग तिनंच तोड काढली.

“गाडीवर लिहून घ्या. दोन्ही बाजूंनी. तुम्ही इसरले तरी गाडी म्हणंल.”

वडील हसले आणि माझ्याकडे वळले. “मंग तुझंच अक्षर लाव. बघू तरी, इतके दिवस काय काढलं.”

मी हुरळून गेले. ‘येतो’ मोठ्ठं काढलं, रेडियमवाल्याकडून पिवळ्या रेडियममध्ये कापून आणलं आणि जीप पुसून दोन्ही बाजूंना चिकटवलं. ड्रायव्हरच्या बाजूनं बघितलं, तर अक्षरं गाडीच्या तोंडाकडे झुकून पळायला निघालेली. मग वडील डावीकडे गेले, पॅसेंजर चढतात त्या बाजूला.

“इकडून तर हे गाडीला मागं ओढून राह्यलंय.”

खरंच होतं. अक्षरं तशीच उजव्या हाताला झुकलेली, पण इकडून गाडीचं तोंड डाव्या हाताला. पडद्यावर अक्षराला दुसरी बाजू नसते, त्यामुळे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला संताप आला, आधी वडिलांचा, मग स्वतःचा. जीप तशीच धंद्याला लागली आणि मी घरी बसून डावीकडे झुकणारं ‘येतो’ काढलं. ठेच लागल्यासारखं दिसत होतं ते. तरी कापून आणलं आणि एका संध्याकाळी जुनं खरवडायला बसले. तेवढ्यात आई धावत आली.

“बिलकुल हात लावायचा न्हाई त्याला!”

“अगं, उलटं दिसतंय ते.”

“तुला दिसत असंल. मी दारातून बघते.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी दारात उभी राहिले. जीप रात्री आमच्या उजव्या हाताच्या शेडमध्ये असते. सकाळी ती डावीकडे निघाली; अक्षरं मात्र मागे, शेडकडे झुकलेली. संध्याकाळी ती डावीकडून आली, आता ड्रायव्हरची बाजू समोर, आणि अक्षरं पुन्हा शेडकडेच झुकलेली, या वेळी गाडीच्या पुढे धावणारी. आमच्या दारातून ती जाताना आणि येताना घराकडेच झुकत होती. माझे डोळे भरून आले. हे मी काढलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं.

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, “मी गाडीत असतो. मला कसं दिसंल?”

जीप मला त्यांनीच शिकवली होती. मी चावी मागितली, त्यांना दारात आईशेजारी उभं केलं, “येते” म्हटलं आणि निघाले. कपाशीवर ऊन कलत होतं. वळणापर्यंत गेले, जरा थांबले, गाडी फिरवून परत आले.

वडील दारात नव्हते. ते पार रस्त्यावर येऊन उभे होते, बरा झालेला हात कपाळावर धरून.

“कुठं गेल्ती? लई वेळ लावला!”

अक्षरांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आई मागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मी तर फक्त वळणापर्यंत गेले होते.