साबणानं धुतलेला कॉम्प्युटर
यंदा खंडेनवमीला पक्कड-पाने धुवायला मी एकटाच बसलो, अन् झेंडूच्या वासासरशी पंचवीस वर्षांमागचं आठवलं. माजलगावात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लेकीला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता, म्हणून अंबाजोगाईच्या भंगारातून एकेक जुना भाग आणून सहा महिने मी कॉम्प्युटर जुळवत होतो. त्या खंडेनवमीला घरी आलो, तर बायको नळाखाली मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचं काळीजच, साबण लावून ब्रशनं घासत बसलेली! "अगं, काय केलंस हे?" "अवो, समदी हत्यारं धुतली, मग हेच काहून ठिवायचं? लई कळकट होतं." "अडाणी बाई, वाटोळं केलंस!" मी ओरडलो. मी तरी कुठं चौथीच्या पुढं गेलतो? तीन दिवस तिनंच बोर्ड गच्चीवर वाळवला. लेक रडायची थांबंना, म्हणून मी उगंच वायरी जोडल्या, अन् पडद्यावर गाडी पळाली. माझा डोळ्यांवर इश्वास बसंना. लेक नाचायला लागली. बायको मात्र पडद्याकडं न्हाई, माझ्या तोंडाकडं बघत होती. मी गाडीच बघत बसलो. तिला जाऊन आता चार महिने झाले, अन् तो 'अडाणी' शब्द मी मागं घेतलाच न्हाई.