कवायतबाई आणि चौथी पाटी

आमच्या कवायतबाईंना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. नगरच्या मुलींच्या हायस्कुलात त्या कवायत घेत. त्यांनी मैदानावर "सावधान" म्हटलं की आत गणित शिकवणारे मास्तरसुद्धा ताठ होतात, असं आम्ही मुली म्हणत असू. कुणाच्या डोक्यात उवा असोत की कुणाचा परकर उसवलेला असो, बाई ते चारचौघांत बोलून मोकळ्या होत. वर, "लपवायला आपण काय चोरी केलीय?" असं विचारत. बाई बालविधवा होत्या. भिंगारला भावाकडे राहत. भाऊ लष्कराच्या कचेरीत कारकून होता. लोकांची बोलणी खात त्या पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या. लोकांची कुजबुज बुडवायलाच हा आवाज त्यांनी कमावला असेल, हे मला फार उशिरा कळलं.

लढाईचे दिवस होते. त्या दिवाळीनंतर बाईंनी मुलींचा खो-खोचा संघ काढायचं मनावर घेतलं. शाळेमागचं मैदान म्हणजे नुसता खडक आणि कुसळं. शाळा सुटली की बाई लुगड्याचा काचा घट्ट खोचून अनवाणी त्या मैदानावर फिरत, आणि पायाला लागेल तो खडा उचलून पदराच्या ओच्यात टाकत. आम्हालाही तेच करायला लावत. "पायाला एकदा टोचलं की पाय विचार करायला लागतात. पायांनी विचार करायचा नसतो," असं म्हणत. पहिला आठवडा आम्ही खेळलोच नाही, खडे वेचले. काष्टीहून आलेली आणि वसतिगृहात राहणारी गंगू म्हणाली, "बाई, आमी घरी बी ह्येच करतो. शिकायला आले तर हितं बी तेच हाय." बाई मोठ्यानं हसल्या आणि तिला दुप्पट खडे वेचायला लावले.

बाईंचा खरा जीव होता तो खो देण्यात. बहुतेक मुली पळता पळता बसलेलीच्या पाठीला नुसती बोटं लावून "खो" म्हणत. बाईंना ते मुळीच खपत नसे. "खो तोंडानं देतात का? तळव्यानं द्यायचा. पाठीला कळला पाहिजे," असं म्हणून त्या स्वतः असा काही खो देत की बसलेली मुलगी आपोआप चार पावलं पुढे जाई. घरी आईनं एकदा माझ्या पाठीवरचा लाल डाग पाहून शाळेत मारतात की काय म्हणून विचारलं होतं. मला मात्र तो हात आवडायचा. आमच्या घरात मुलीच्या पाठीवर हात ठेवायची पद्धत नव्हती.

मला खेळू द्यायला अण्णा, म्हणजे माझे वडील, सहजासहजी तयार झाले नाहीत. कोर्टातली नोकरी आणि घरात कडक सोवळं. दर महिन्याचे ते चार दिवस मी मागच्या खोलीत बसत असे. त्या दिवसांत मला शाळेतही धाडत नसत. बाई स्वतः घरी आल्या. अण्णा म्हणाले, "मुलगी हुशार आहे, मॅट्रिक करावी असं माझ्याही मनात आहे. पण घरचे नियम बाहेर मोडले, तर मला शाळाच बंद करावी लागेल." बाई म्हणाल्या, "त्या चार दिवसांत मी इंदूला मैदानावर बोलावणार नाही. शब्द देते." अण्णांनी मान हलवली. शब्द म्हटला की अण्णांना पुरे असे, मग तो कोणीही दिलेला असो.

त्या हंगामात आम्ही एकामागून एक सामने जिंकलो. मी चौथ्या पाटीवर, म्हणजे ओळीतल्या चौथ्या चौकोनात, बसत असे. पळणारी हुलकावणी देऊन वळली की बरोबर माझ्या पुढ्यात यायची, आणि मला खो मिळाला की ती सुटत नसे. "बसलेलीनं पळणारीपेक्षा जास्त पळायचं, फक्त डोळ्यांनी," असं बाई म्हणत, आणि मी ते मनापासून करत असे. मॅट्रिक, मग पुणं, मग बाईंसारखी नोकरी, असे मनातले मांडेही मी त्याच पाटीवर बसून खात होते.

शेवटचा सामना कोपरगावच्या मुलींशी, भिंगारच्या मैदानावर होता. घरून निघताना मी धड होते. मैदानावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बाजूला बसायची झाले आहे. दिवस अजून आले नव्हते, पण शरीर काही पंचांग पाहत नाही. मी बाईंना झाडामागे नेलं आणि कानात सांगितलं. बाईंनी एकदा मैदानाकडे पाहिलं. मग मला हाताला धरून सगळ्या मुलींसमोर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "इंदू आज बाजूला आहे, आणि ती खेळणार आहे. मैदानावर विटाळ नसतो. कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा. मागाहून कुजबुज चालायची नाही."

कोणीच काही बोललं नाही. बाईंसमोर उलट बोलायची सवय होती कुणाला? बाईंना ती संमती वाटली.

आमची पाठलागाची पाळी आली. मी पाटीवर बसले. माझ्या मागे पावलं येत, "खो" असा आवाज येई, पण पाठीवर हात पडत नसे. पहिल्यांदा मी आवाजावरच उठले, तर पंचांनी शिट्टी फुंकली. दुसऱ्यांदा मी हाताची वाट पाहत बसून राहिले, तोवर पळणारी निघून गेली. मग मुली मला टाळून पुढच्या पाटीला खो देऊ लागल्या. कोपरगावच्या मुली काही दुधखुळ्या नव्हत्या. चौथ्या पाटीवरची मुलगी उठतच नाही, हे त्यांनी ओळखलं आणि त्या माझ्याच अवतीभवती बागडू लागल्या. एकीचा परकर माझ्या गुडघ्याला घासून गेला. "तळवा लावा, पोरींनो, तळवा," बाई ओरडत होत्या. मधल्या सुटीत मला बदलता आलं असतं. बाईंनी बदललं नाही. आम्ही हरलो. त्या दिवशी वाटलेली लाज मला आजही तशीच आठवते.

सामना संपल्यावर गंगू माझ्याशेजारी येऊन बसली. "म्या लावला असता हात. पर माझी पाटी पार कडंला हुती, तुज्या मागं याची पाळीच न्हाई आली," ती म्हणाली. बाकीच्या मुली घरी जाऊन डोक्यावरून न्हाल्या. अवेळी न्हाण कशाला, म्हणून आयांनी विचारलं, आणि दिवेलागणीपर्यंत आमच्या आळीत सगळ्यांना सगळं कळलं.

अण्णा मला रागावले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. पाचव्या दिवशी बाई आल्या. अण्णांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं. मी दाराआड उभी होते. बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. शिक्षा तिला का?"

अण्णा म्हणाले, "शिक्षा नाही, बाई. तुमच्या शब्दावर मी तिला पाठवत होतो. आता कुणाच्या शब्दावर पाठवू?"

 बाई पाणी न पिताच उठल्या. पुढच्या दिवाळीनंतर संघासाठी नावं द्यायला तीन मुलीसुद्धा आल्या नाहीत, असं गंगूनं मला सांगितलं. तोवर माझं लग्न होऊन गेलं होतं, तेही कोपरगावातच. ज्यांच्याकडून हरले त्यांच्याच गावी नांदायला गेले. माझ्या नशिबाला विनोदाचं अंग आहे, यात शंका नाही.

पुढे खूप वर्षांनी, मला दोन मुली झाल्यावर, मी एकदा भिंगारला बाईंच्या भावाच्या घरी गेले. बाई ओसरीवर बसल्या होत्या. गुडघे कामातून गेले होते, नजरही अधू झाली होती. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. चहा झाला, मुलींची चौकशी झाली. मग त्या म्हणाल्या, "इंदे, तुला एक विचारायचं राहिलंय. त्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, तुला विचारलंच नाही. तुला खेळायचं होतं का ग?"

"होतं, बाई," मी म्हटलं. "नसतं, तर पोट दुखतंय म्हणून घरी गेले असते. तुम्हाला कशाला सांगितलं असतं?"

बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. पण मग त्याच म्हणाल्या, "मग पोरींनी हात का नाही लावला? मी शिकवलं होतं ग त्यांना."

"त्यांना संध्याकाळी घरी जायचं होतं, बाई."

"तुलाही जायचंच होतं की," बाई म्हणाल्या.