सिस्टरचा सभात्याग

एका पातेल्यापायी मी एका बाईचं मत घालवलं. तेव्हा मी अवघी पासष्ट वर्षांची. पोरवय ते, अक्कल कुठून असणार!

ती बाई म्हणजे सिस्टर. मूळची नागपूरची, इथे सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. आमच्या मराठी मंडळात तिला नावाने कुणी हाक मारलीच नाही. शिफ्टवरून तशीच युनिफॉर्ममध्ये यायची आणि दाराशी उभी राहायची. "बस की गं," म्हटलं तर म्हणायची, "बसले तर झोपेन, काकू."

मतदानावर तिचा भारी जीव. इथे सरकारी निवडणुकीत मत दिलं नाही तर दंड, म्हणून आम्ही कुरकुरत जायचो, केंद्राबाहेर विकतात ते सॉसेज-पाव खाऊन परत यायचो. ती मात्र कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून. "सॉसेज खायला एवढा थाट?" मी शहाणी विचारायची. ती म्हणायची, "माझी आजी मतदानाला नवं लुगडं काढायची. त्या एका दिवशी तिला 'बाजूला हो' म्हणायची गावात कुणाची टाप नव्हती."

मंडळात गणपती होतो तशी चौदा एप्रिलची जयंतीही व्हावी, एवढंच तिचं मागणं. शिफ्टवाले पोस्टाने मतं पाठवायचे. त्या जोरावर ते मंजूर होणार असं दिसू लागलं. लगेच अध्यक्षांच्या गटाने नवा नियम आणला: हॉलमध्ये हजर असेल त्यालाच मत. सभा रविवारी दुपारी, आणि नर्सना कसला रविवार? "आच असेल तो येईल," अध्यक्ष म्हणाले. आच कुणाची आणि नियम कुणाला रोखायला, हे सगळ्यांना कळत होतं. बोललं कुणीच नाही. मीही नाही.

नियमावरच्या सभेला माणसं बेताचीच होती. सिस्टर नियमाविरुद्धच्या आमच्या गटाच्या कानात म्हणाली, "आपण उठलो की कोरम मोडतो. कोरम नाही तर नियम नाही. पार्किंगमध्ये थांबायचं. कुणीही परत फिरायचं नाही." आम्ही उठलो. मी पदर खोचून सर्वांत पुढे, जणू तुरुंगातच निघाले होते. पार्किंगमध्ये आठवलं, माझं मसालेभाताचं पातेलं आत राहिलं! अध्यक्षीणबाई तो भात स्वतःचा म्हणून वाढणार, या विचाराने माझा जीव खालीवर झाला. हळूच आत शिरले.

"काकू आल्या! कोरम झाला, हात वर करा!"

"अहो, मी भातासाठी आलेय!" म्हणेपर्यंत नियम पासही झाला.

बाहेर सिस्टर पुढे आली. पातेल्याची एक कडी तिने धरली, एक मी. गाडीत ठेवलं आणि ती शिफ्टला निघून गेली. तिच्या मागणीला त्या वर्षी पुरेसे हात वर झाले नाहीत. जयंती सिस्टर आणि शिफ्टवाल्यांनी कुणाच्याशा गॅरेजमध्ये केली. मला आमंत्रण होतं. गेले, आणि दाराशीच उभी राहिले.

पुढच्या वर्षी तो नियम रद्द करायचा ठराव मीच दिला. आणि सभेच्या आदल्या दिवशी माझं पित्ताशय काढावं लागलं! दुसऱ्या दिवशी ड्युटीवर सिस्टर. टूवूंबाला नोकरी घेऊन ती त्याच महिन्यात सिडनी सोडणार होती. मी रडकुंडीला आले. "अगं, सभा सुरू झाली असेल. फोनवरून तरी माझं मत घेतील का?"

तिने माझी उशी सारखी केली, पांघरूण ओढलं आणि म्हणाली, "काकू, आज तुम्हीसुद्धा पार्किंगमध्येच. या वेळी तरी आत जाऊ नका, टाके ओले आहेत."